ओढणारं चाक कोणतं

एकतीस वर्षं मी शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला. नकाशावर समोच्च रेषा जवळजवळ आल्या की तिथे चढ तीव्र असतो, हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं आहे की झोपेतही लिहीन. आणि निवृत्त झाल्यावर घरासाठी जागा घेतली ती अशी, की तिचा नकाशा काढायचा म्हटला तर समोच्च रेषांच्या मध्ये पेन्सिल टेकवायला जागा उरणार नाही. बुलढाण्याच्या बाहेर, घाटाच्या अंगाला. एजंटाने मला मे महिन्यात तिथे नेलं. वारा छान होता, खाली दूरपर्यंत दिसत होतं. "सर, व्ह्यू पाहा," तो म्हणाला. मी व्ह्यू पाहिला. पायाखाली पाहायचं राहून गेलं.

पुढचा तुकडा सपाट करून घर उभं राहिलं. मागे अर्धा एकर उतार उरला. त्याचा खालचा भाग बऱ्यापैकी नरम आहे, वरचा मात्र मुरमाड आणि उभा. पावसाळ्यात त्यावर कमरेइतकं गवत होतं. त्यात कुसळी जास्त. ती वाळली की तिची कुसळं धोतरात, मोज्यात, पायाच्या कातडीत, जिथे जमेल तिथे घुसतात. शिवाय साप, शिवाय उन्हाळ्यात कोणी विडी टाकली तर आग. म्हणून गवत वेळेवर कापावंच लागतं, आणि ते कापायला माझा मोठा भाऊ यायचा.

दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. धाडच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथे तो शेती करतो, म्हणजे करायचा. एरवी आमच्याकडे या म्हटलं तर तो येत नाही. दिवाळीला नाही, वास्तुशांतीला आला तो जेवून लगेच निघाला. "बसाले मी कोणाच्या घरी जात नाही," हे त्याचं ठरलेलं उत्तर. पण गणपती उठले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो एसटीने उतरायचा, काखेत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला इळा, म्हणजे विळा. चार दिवस राहायचा, अख्खा उतार कापायचा, पेंढ्या बांधून गवळ्याला द्यायचा आणि पाचव्या दिवशी जायचा. या चार दिवसांत आम्ही दोघे भाऊ जेवढं बोलायचो तेवढं उरलेल्या वर्षात फोनवरही बोलत नव्हतो.

त्याची मुलं चांगली आहेत. खरं तर हीच अडचण आहे. त्यांनी ट्रॅक्टर घेतला, फवारणी स्वतःकडे घेतली, बैल विकले आणि बापाला म्हणाली, बाबा, तुम्ही आता आराम करा. वहिनी गेल्यापासून तर सुना त्याला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. मागच्या वर्षी उतारावर बसून चहा पिताना तो मला सरळच म्हणाला, "तुह्या घरचं गवत, हे एवढं एकच काम आता माह्या नावावर राह्यलं."

मी "हो ना" म्हणालो आणि बिस्कीट चहात बुडवलं. मराठीच्या मास्तराला मराठीतलं एवढं सोपं वाक्य कळलं नाही, हे आता लिहिताना माझी मलाच चीड येते.

त्याच दिवशी दुपारी दादा वरच्या भागात घसरला. पहिल्यांदा त्याने इळा दूर फेकला, मग स्वतः आठ-दहा फूट खाली आला आणि बसल्या जागी हसायला लागला. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. पण आमचे शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले साहेब, कंपाउंडवरून पाहत होते. ते म्हणाले, "सर, या वयात भावाला गवत कापायला लावता?"

लावता. हा शब्द मला वर्षभर टोचला. पुढे मी जो घाट घातला तो दादाच्या काळजीपोटी, असं मी सगळ्यांना सांगत आलो आहे. त्यात थोडी काळजी होती. बाकी सगळा तो "लावता" होता.

तर मी ठरवलं की बसून चालवायची गवत कापायची गाडी घ्यायची. मोबाईलवर मी असे कितीतरी व्हिडिओ पाहिले. परदेशातली माझ्याच वयाची माणसं टोपी घालून त्या गाडीवर बसतात, टेकडीवरून वर-खाली फिरतात आणि मागे हिरवा गालिचा राहतो. त्यांतल्या एकाच्याही मोज्यात कुसळ गेलेलं मला दिसलं नाही. व्हिडिओवाले बजावून सांगत होते की चढावर ऑल व्हील ड्राइव्हच घ्या, साधी घेऊ नका. मी वहीत टिपून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग चढ किती आहे ते मोजणं आलं. मी कंपासपेटीतला कोनमापक काढला, त्याला दोरा बांधला, दोऱ्याला कपाटाची किल्ली लटकवली आणि उतारावर पालथा पडून माप घेतलं. अठरा अंश आला. दुसऱ्या दिवशी तेवीस आला. तिसऱ्या दिवशी किल्ली गवतात पडली आणि कपाट उघडायला माणूस बोलवावा लागला.

"चढ केवढा आहे ते मोजून काय करता?" बायको म्हणाली. "दादांना विचारा. ते सांगतील कोणती घ्यायची. घरात ट्रॅक्टर आहे त्यांच्या."

पण मला दादाला चकित करायचं होतं. त्यातून ज्याने आयुष्यभर इळा चालवला त्याला अशा आधुनिक गोष्टीतलं काय विचारायचं, असंही मनात होतं. हे मी बायकोला बोललो नाही, पण तिला ते कळलं. ती आत निघून गेली.

यंत्र पाहायला मी एसटीने संभाजीनगरला गेलो. बस धाडवरून जाते. आमच्या गावचा फाटा आला तेव्हा मी खिडकीशी बसून वही वाचत होतो.

दुकानात दोन गाड्या होत्या. एक लाल, ऐटदार, तिच्या सीटला हात टेकवायला दांड्या आणि पाण्याची बाटली ठेवायला खोबणी. दुसरी करड्या रंगाची, थोराड, काही देखणी नव्हे. विक्रेता तरुण आणि नम्र होता. त्याने पहिलाच प्रश्न असा विचारला की तो ऐकून मी शहाणा व्हायला हवा होतो. तो म्हणाला, "सर, तुमच्या चढावर बैलगाडी चढते का?"

मला राग आला. मी म्हटलं, "आमच्याकडे बैलगाडी नाही. चढ अठरा ते तेवीस अंश आहे." त्याला अंश कळेनात. मग मी त्याच्या बिलबुकाच्या पाठीमागे त्रिकोण काढून त्याला कोन शिकवला. दहा-पंधरा मिनिटं गेली. शिकवून झाल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी लाल गाडीपाशी गेलो आणि वहीतलं 'ऑल व्हील ड्राइव्ह' माझ्या शुद्ध मराठीत आणून विचारलं. "हिची चारही चाकं चालतात ना?"

"चालतात ना सर," तो म्हणाला. "चारही चालतात." आणि त्याने एकेक चाक हाताने फिरवूनही दाखवलं.

तो खोटं बोलला नाही. माझ्या प्रश्नाचं याहून खरं उत्तर देता आलं नसतं. चाक चालणं वेगळं आणि इंजिनाच्या जोरावर चाकाने गाडी चालवणं वेगळं. चालणे आणि चालवणे यांतला फरक चुकला म्हणून मी पोरांचे अर्धे-अर्धे गुण कापले आहेत. त्या दिवशी मी बाटलीच्या खोबणीत माझी बाटली ठेवून पाहिली. बरोब्बर बसली. मी लाल गाडी घेतली.

गाडी पिकअपमधून आली तेव्हा गणपती बसले होते. बायकोने तिला कुंकू लावलं, नारळ फोडला. शेजारचे साहेब येऊन हात लावून गेले. त्या भरात मी दादाला फोन केला.

"दादा, यंदा गवताचा त्रास घेऊ नको. मशीन आणली."

 तो म्हणाला, "बरं. चांगलं झालं."

मी अजून काही ऐकायला थांबलो होतो. कोणती आणली, कुठून आणली, असं काही. त्याने फोन ठेवला. मला वाटलं, भरून आलं असेल.

विसर्जनानंतर मी उद्घाटन केलं. टोपी घातली, गॉगल लावला. खालचा नरम भाग गाडीने असा कापला की मी स्वतःच खाली उतरून दोनदा मागे वळून पाहिलं. गवळी येऊन पाहून गेला आणि म्हणाला, "सर, ह्या भुग्याचं मी काय करू? म्हैस हे कशी खाईन?" मी त्याला म्हटलं, प्रगतीची काही किंमत असते. मग साहेब कंपाउंडवर आलेत हे पाहून मी गाडी वरच्या भागाकडे वळवली.

ती चार-पाच फूट चढली. तिथे मागची दोन चाकं जागच्या जागी फिरायला लागली, मुरूम उडायला लागला आणि पुढची दोन चाकं, जी अत्यंत प्रामाणिकपणे चालत होती, ती उलटी चालायला लागली. मी ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. ओल्या गवतावरून तिरकी होत ती मला घेऊन खाली आली आणि कपडे वाळत घालायच्या खांबाला टेकली. बायकोचं ओलं लुगडं माझ्या तोंडावर आलं.

"सर, लागलं का?" साहेबांनी विचारलं.

"नाही, इथेच थांबवायची होती," मी लुगड्यातून म्हणालो.

मी दुकानात फोन केला. विक्रेत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, हिची मागचीच दोन ओढतात. तुम्हाला चारही ओढणारी पाहिजे होती, ती करडी. ती विकली गेली. दुसरी येणार आहे. आली की बदलून देतो." एवढा भला माणूस मी आयुष्यात कमी पाहिला. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, ती सोय त्याने ठेवली नाही. तोपर्यंत वरच्या भागातलं गवत तसंच उभं राहिलं. कोणी विचारलं तर मी सांगायचो की तेवढा भाग जैवविविधतेसाठी राखून ठेवला आहे.

असे आठ-दहा दिवस गेले. मग एका दुपारी बायकोने दादाच्या सुनेला फोन केला. बराच वेळ बोलणं चाललं. फोन ठेवून ती माझ्यासमोर येऊन बसली.

"दादांनी सुनेला दोनदा विचारलं म्हणे, बुलढाण्याले पाणी किती पडलं, गवत केवढं झालं असन. इळा पाजळून ठेवला होता त्यांनी. मग तुमचा फोन गेला, अन् त्यांनी तो माळ्यावर टाकून दिला. आता दिवसभर ओट्यावर बसून राहतात. जेवायला हाक मारली तर म्हणतात, भूक लागण्यासारखं केलं काय मी आज."

मी म्हटलं, "त्याच्याच भल्यासाठी केलं ना मी. मागच्या वर्षी पडला होता तो."

"पडले अन् हसले," ती म्हणाली. "मुलांनी सगळी कामं काढून घेतली. एक तुमच्याकडे उरलं होतं. ते तुम्ही काढून घेतलं."

मला तिचा भयंकर राग आला, कारण ती खरं बोलत होती. मग राग गेला आणि फार वाईट वाटलं. दादाच्या "बरं, चांगलं झालं" या वाक्यावर मी किती खूश झालो होतो, ते आठवून तर लाजच वाटली. मला वाटलं होतं त्याचं मन भरून आलं. त्याचे चार दिवस गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी गावी गेलो. दादा ओट्यावरच बसला होता. दाढी वाढलेली. मला पाहून तो थोडा सरकला.

"काऊन रे, आज कसा काय?"

"मशीन पाहाले चाल म्हटलं."

"मशीन पाहून मी काय करू? तू आणली, तू चालव."

मी त्याच्या बाजूला बसलो. इथून पुढचं वाक्य मी एसटीत चार-पाच प्रकारे तयार केलं होतं, त्यातलं एकही तोंडातून निघेना. शेवटी म्हटलं, "ते चढत नाही."

त्याने मान वळवली. "चढत नाही? ओढते कोणतं चाक?"

बघा. माझी वही नाही, व्हिडिओ नाहीत, कोनमापक नाही. गाडी डोळ्यांनी पाहिलेली नाही. पहिलाच प्रश्न हा.

"मागचे दोन," मी म्हटलं.

"अन् घेतानी इचारलं नाही?"

"इचारलं ना. चारी चाकं चालतात का म्हून इचारलं."

दादा माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि सून पाणी घेऊन धावत बाहेर आली. "चालतात त आपल्या गाड्याचे बी," तो डोळे पुसत म्हणाला. "पण ओढे कोण? बैल. अन् मराठीचा मास्तर आहेस ना बे तू?"

सून दारात उभी राहून सासऱ्याकडे पाहत होती. मला वाटतं तिने खूप दिवसांत त्याला हसताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "दादा, वरचं गवत तसंच उभं आहे. माह्याच्यानं होत नाही. चाल."

"पोरायले इचारतो," तो म्हणाला. पण तोवर तो उठला होता, आणि मुलांना विचारायच्या आधी त्याने माळ्याला शिडी लावली होती.

बायकोने त्याला एकच अट घातली की मी त्याच्याबरोबर उतारावर राहायचं. त्याने ती मान्य केली, आणि भोगली मी. दादा बसून, आडवा सरकत कापायचा. मूठ धरायची, इळा ओढायचा, मूठ मागे ठेवायची. माझ्याकडे पेंढ्या बांधायचं काम होतं. माझ्या पेंढ्या दोन हात खाली नेल्या की सुटायच्या. दादा काही न बोलता त्या परत बांधायचा. तिसऱ्या पेंढीपासून तो बोलायला लागला आणि मग माझी खैर राहिली नाही. कुसळं माझ्या मोज्यात गेली, बनियनमध्ये गेली. साहेब कंपाउंडवर आले तेव्हा मी त्यांना स्वतःहून सांगितलं, "माझा भाऊ मला गवत कापायला लावतो आहे." ते हसले. मला हलकं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. दुकानातला विक्रेता होता.

"सर, तुमची करडी गाडी आली. चारही ओढणारी. मी स्वतः चढावर चढवून पाहिली. बैलगाडीही जिथे चढणार नाही तिथे चढते. कधी पाठवू?"

मी वर पाहिलं. दादा माझ्यापासून आठ-दहा हात वर होता. गवताचा एक पट्टा अजून उभा होता, उद्या संपला असता. त्याने टॉवेल डोक्याला बांधला होता आणि मूठ धरून तो थांबला होता, कारण त्याचा कान माझ्या फोनकडे होता.

"नको," मी म्हटलं. "आहे तीच राहू दे."

"पण सर, ती तुमच्या चढावर चढत नाही ना?"

"नाही चढत."

"मग?"

"मग काही नाही," मी म्हणालो, त्याचे आभार मानले आणि फोन खिशात टाकला. त्याला माझ्याबद्दल काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. अठरा अंश शिकवणारा मास्तर.

"कोणाचा फोन?" दादाने वरून विचारलं.

"दुकानाचा. दुसरी मशीन आली म्हणे."

"चारी ओढणारी?"

"हाव."

त्याने इळा गवतात टेकवला. "मंग?"

मी हातातली पेंढी घट्ट बांधायचा प्रयत्न करत होतो. वर न पाहता म्हटलं, "तिले बी आपला चढ जमत नाही म्हणे."

दादाच्या घरच्या ट्रॅक्टरला मागचीच दोन चाकं ओढतात, पण चारही ओढणारा ट्रॅक्टर काय करू शकतो हे त्याला माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत आहे. मी मान वर केली तेव्हा तो माझ्याकडेच पाहत होता. मग त्याने पुढची मूठ धरली.

"जमू देऊ बी नको," तो म्हणाला.